४०००२८चे अवयव ३, ४ की १२?

दादरहून आलेला प्रश्न : ‘आमचा पिनकोड ४०००२८. या संख्येचे अवयव किती? घरात कोणी ३ म्हणतं, कोणी ४, कोणी १२. आणि अवयव व विभाजक एकच ना?’

हो, एकच. मात्र सोबतचं क्रियापद बघा. ‘अवयव लिहा’ म्हटलं की सगळे विभाजक हवेत. ‘अवयव पाडा’ म्हटलं की संख्या गुणाकाराच्या रूपात फोडायची, आणि अंकगणितात ती फोड मूळ संख्यांपर्यंत न्यायची. नुसतं ‘अवयव किती’ असेल तर उत्तर १२.

आता पाडू. शेवटचे दोन अंक २८, म्हणून ४ ने भाग जातो : ४ × १००००७. बरेच जण इथेच थांबतात, कारण १००००७ दिसायला अगदी मूळ संख्येसारखी. अंकांची बेरीज ८, म्हणजे ३ बाद. एककस्थानी ७, म्हणजे २ आणि ५ बाद. ७, ११ आणि १३ एकदमच तपासता येतात, कारण त्यांचा गुणाकार १००१. १००१००मधून १००००७ वजा केले की ९३ उरतात, आणि ९३ला तिघांपैकी कोणीच भागत नाही. पुढे १७ ते ८९ या अठरा मूळ संख्या एकेक करून बघाव्याच लागतात. कंटाळून सोडलं की उत्तर चुकलंच. ९७ ने भाग जातो : ९७ × १०३१. १०३१ पुन्हा तपासायला नको. तिचा वर्गमूळापर्यंतचा, म्हणजे ३२ पर्यंतचा, एखादा मूळ अवयव असता तर त्याने १००००७लाही भागलं असतं, आणि ते सगळे आधीच बाद झालेत.

म्हणून ४०००२८ = २ × २ × ९७ × १०३१. वेगवेगळे मूळ अवयव ३, पुनरावृत्ती धरून ४. सगळे विभाजक मोजायला प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात, म्हणजे तो जितक्या वेळा आला त्या आकड्यात, १ मिळवून गुणायचं : ३ × २ × २ = १२. ते असे : १, २, ४, ९७, १९४, ३८८, १०३१, २०६२, ४१२४, १००००७, २०००१४, ४०००२८. घरात तिघांचीही मोजणी बरोबर होती, मोजलं मात्र वेगवेगळं.

‘भाजक’ आणि ‘विभाजक’ यांची गल्लत टाळा. ४०००२८ला ९ ने भागलं तर ९ हा भाजक आहेच, पण बाकी ५ उरते, म्हणून तो विभाजक नाही. अवयवाला ‘गुणक’ही म्हणू नये; गुण्याला ज्याने गुणतो तो गुणक. ‘गुणनखंड’ हा हिंदी पुस्तकांतला शब्द, मराठीत त्याची गरज नाही.

जाता जाता, १०३१ ही भारी संख्या आहे. १०३३बरोबर तिची जोडमूळ जोडी होते, म्हणजे दोन्ही मूळ आणि फरक फक्त २. शिवाय १ हा अंक सलग १०३१ वेळा लिहिला तर होणारी संख्याही मूळ आहे. ते १९८६मध्ये सिद्ध झालं.