फिरंगी म्हणजे इंग्रज नव्हे

प्रश्न असा आहे: शिवकाळावरच्या मालिकेत रायगडावर आलेल्या इंग्रज वकिलाला सगळे 'फिरंगी' म्हणतात, ते बरोबर का? 'देशोदेशी फिरणारे म्हणून फिरंगी' ही व्युत्पत्ती खरी का? आणि ही शिवी होती का?

नाही आणि नाही. तिसऱ्याकडे येतोच.

फिरणाऱ्याला मराठीत फिरस्ता म्हणतात, भटक्या म्हणतात. 'फिर' धातूला 'ंगी' चिकटवणारा प्रत्यय कुठल्या व्याकरणात सापडला, ते हे मेसेज पुढे ढकलणाऱ्यांनी एकदा सांगावं. दुसरी एक टूम म्हणजे 'फिरला रंग ज्याचा तो फिरंगी'. तिच्यावर मी शाई खर्च करत नाही.

शब्द सरळ फ्रँक लोकांचा. आजच्या फ्रान्सला ज्यांनी नाव दिलं, ती जर्मानिक जमात. अकराव्या शतकाच्या अखेरीस क्रुसेडवाले, म्हणजे युरोपातले ख्रिस्ती धर्मयोद्धे, पूर्वेला येऊन थडकले, तेव्हा अरबांनी त्या सगळ्या पश्चिमी गर्दीला एकच नाव लावलं: फिरंज. अरबीत 'ग' नाही म्हणून 'ज'. फारसीत तो आहे, म्हणून तिथे फरंग. आपण फारसीकडून घेतला, म्हणून फिरंगी. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला उतरला, तेव्हा त्याला चिकटायला नाव इकडे आधीच तयार होतं. शब्द पुढेही बराच भटकला. चिनीत त्याचा 'फोलांगजी' झाला. तो पोर्तुगीजांनाही म्हणायचे आणि त्यांच्या तोफेलाही. थाई लोकांचा 'फरांग' म्हणजे गोरा माणूस, आणि पेरूसुद्धा!

मराठीत मात्र फिरंगी म्हणजे पोर्तुगीज. सगळे गोरे नव्हेत. वसईभोवतीच्या मुलखाला आपल्याकडे फिरंगाण म्हणत, कारण तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता; चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली ती त्यांच्याकडून. मुंबई इंग्रजांची, ती काही फिरंगाण नव्हे. सरसकट सगळ्या गोऱ्यांना शब्द होता टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखलं जाणारं, मराठी राज्यकारभारावरचं आज्ञापत्र उघडा. त्यात फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरांसीस, डिंगमार हे ओळीने वेगवेगळे मोजलेत आणि मग सगळ्यांना मिळून टोपीकर म्हटलंय. ज्याला इतका फरक कळत होता, त्याच्या काळातल्या पात्राच्या तोंडी तुम्ही 'फिरंगी इंग्रज' घालता?

आता त्या ओळीतली खरी गंमत. फिरंगी आणि फरांसीस हे एकाच फ्रँकच्या वंशातले. एक अरब-इराण करत आला, दुसरा थेट युरोपियनांच्या तोंडून. एका वाक्यात दोघे शेजारी बसलेत आणि अर्थ निराळे: पोर्तुगीज आणि फ्रेंच.

उरलेली नावं? माझ्या मते सगळी पोर्तुगीजांनीच शिकवली. त्यांच्या 'इंग्लेज'चा इंग्रज. डेन्मार्कला ते दिनामार्का म्हणतात, त्यावरून डिंगमार. डच माणूस त्यांच्याकडे 'होलांदेज', पण त्यातला ह ते उच्चारत नाहीत; उरलेला 'ओ' मराठी तोंडात गेला की ओठाचा जसा गावाकडे व्होट होतो तसा वलंदेज. ही नावं दरबारी फारसीतून आली असं ठासून सांगणारे जाणकार आहेत. त्यांनी सनावळी बघावी. गोवा पोर्तुगीजांनी घेतलं १५१० मध्ये, सुरतेत इंग्रजांची वखार झाली १६१३ मध्ये. शंभर वर्षं शेजारी बसलेल्या माणसाकडून नवख्यांची नावं ऐकायची सोडून कोकणी माणूस इराणला कशाला जाईल? (आणि गोव्यात, जिथे त्यांचं जू सर्वांत जास्त काळ मानेवर होतं, तिथे कोकणीत गोऱ्या पोर्तुगीजाला पाखलो म्हणायचे. तो शब्द वेगळ्या दिवशी.)

शिवीचं म्हणाल, तर १८८६ साली यूल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात लिहून ठेवलंय की एतद्देशीय लोक युरोपियनांना सरसकट फिरंगी म्हणतात तेव्हा त्यात वैर किंवा हेटाळणी असते. कलकत्ता-लखनौकडे असेल, १८५७ नंतर तर असणारच. ते निरीक्षण उचलून मराठी कागदांवर डकवायचं कारण नाही. आज्ञापत्रातला फिरंगी संशयाचा धनी जरूर आहे. या लोकांना खाडीशेजारी, समुद्रतीरी जागा देऊ नये असं तिथे बजावलंय. पण ते सगळ्याच टोपीकरांबद्दल. तिथला फिरंगी ही नुसती ओळख आहे. बदनामी शोधायचीच तर वैद्यकात शोधा: सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाशा'त फिरंगरोग येतो, तोच आपला उपदंश (सिफिलिस), आणि फिरंग देशात तो फार म्हणून हे नाव, असं तिथेच कारण दिलंय.

उलट मराठ्यांनी हा शब्द कौतुकाने कमरेला बांधला. फिरंग म्हणजे लांब, सरळ पात्याची तलवार. पातं युरोपातून जहाजाने आलेलं, मूठ इथली, मुठीच्या बुडाशी दुसऱ्या हाताने धरायला बाहेर आलेला खिळा.

आणि फिरंगोजी नरसाळा! १६६० मध्ये शाहिस्तेखानाशी चाकणचा किल्ला लढवणारा. कुठल्या मावळी बापाने पोराला पोर्तुगीजाचं नाव ठेवलं असेल? मला हे नाव देवीचं वाटतं. दौंडजवळ कुरकुंभला फिरंगाई आहे. खंडोबाचा जसा खंडोजी, तसा फिरंगाईचा फिरंगोजी. मग फिरंगाई कशावरून? माझा कौल तलवारीला. तुळजापूरची भवानी आणि भवानी तलवार ही जोडी आपल्याला पाठ आहेच. इथे मला नाव उलट दिशेने, शस्त्राकडून देवीकडे गेलेलं दिसतं. पुरावा अजून हाती नाही. कुरकुंभकडचं कुणी वाचत असेल, तर देवीच्या शस्त्रांत सरळ पात्याची तलवार आहे का, ते बघून जरूर कळवा.