फक्त सोडून यायचं होतं

प्रिय मित्रा,

"ताई, आमच्या पुढारी साहेबांकडे अर्ज अडकलेल्या एका बाईला मला फक्त रेस्ट हाउसवर सोडून यायला सांगितलं होतं," असं तू लिहिलंस. तब्येतीचं निमित्त करून तू टाळलंस, हे बरं केलंस. पण पुढच्या वेळी दुसरा कुणी गाडी काढेल.

तालुक्याच्या राजकारणात हे पाप एकटा माणूस करत नाही. कुणी तिचा नंबर पुरवतो, कुणी "साहेबांना एकदा भेटून घ्या, काम होऊन जाईल" म्हणतो, कुणी खोली उघडून देतो. प्रत्येकाला वाटतं, आपण कुठे काय केलं? आणि बोभाटा झाला की "ती तसलीच होती" हे पसरवायला हीच पोरं पुढे असतात. समजून-उमजून मदत करणारा कायद्यानंही सुटत नाही.

साहेबांची ताकद येते कुठून ते बघ. निराधार योजनेचं अनुदान हा पात्र विधवेचा हक्क आहे. अंगणवाडी मदतनिसाची निवड गुणांवर व्हायला हवी. पण आपल्या चिठ्ठीशिवाय कागद हलत नाही, अशी हवा एकदा तयार केली की हक्काचे उपकार होतात आणि उपकाराची वसुली सुरू होते. "ती स्वतःहून गेली" असं तुला पक्षातले सांगतील. जिचा अर्ज त्यांच्याच शब्दावर अडकलाय, तिला नाही म्हणायची सोय होती का, एवढं त्यांना विचार. नोकरीचं खोटं आमिष दाखवून शरीरसंबंध ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 69 खाली गुन्हा आहे, शिक्षा 10 वर्षांपर्यंत.

1994 मध्ये जळगावचं लैंगिक शोषणाचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा सारा महाराष्ट्र हादरला होता. मुलींना जाळ्यात ओढून, फोटोंच्या धाकावर पुन्हा पुन्हा बोलावलं जात होतं. तपास झाला, खटले चालले, पण बदनामीच्या भीतीनं बहुतेक मुली पुढे यायला धजावल्या नाहीत. त्यांना गप्प बसवलं ते गावानं. म्हणून तिचं नाव तुझ्या तोंडून कुणाकडेही जाता कामा नये, जिवलग मित्राकडेसुद्धा नाही. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणं हाही गुन्हाच आहे.

तक्रार करायची की नाही हे ती ठरवेल. तू पुढारीपण करू नकोस. तिला एवढंच कळू दे की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बाईला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो. इथले पोलीस साहेबांच्या बैठकीतले असतील तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो.

तुला आलेले मेसेज आणि व्हॉइस नोट तशाच ठेव. काहीही डिलीट करू नकोस, फोनही विकू नकोस. उद्या तिला साक्षीदार लागला तर तुला उभं राहावं लागेल, त्याची तयारी आतापासून कर.

तुझी नोकरी साहेबांच्याच पेट्रोल पंपावर आहे आणि घरात कमावता तू एकटा, हे मी विसरलेले नाही. त्यामुळे आज भांडण काढू नकोस, पण गाडी मात्र काढायची नाही. दुसऱ्या कामासाठी मी ओळखीच्यांकडे शब्द टाकते. तुझा बायोडेटा पाठव. तिला माझा नंबर दे, आणि तिनं फोन नाही केला तर तिच्या मागे लागू नकोस.

तुझी,
ताई