शरदातलं पहिलं काम: पानाचा ठसा

3 वर्षांच्या मुलीला शरदात पानाफुलांशी खेळायला द्यायचं असेल, तर एकाच दिवशी चार गोष्टी देऊ नका, पानाचा ठसा पुरे: पानावर कागद ठेवून वरून मेणखडू घासायचा. आपट्यापेक्षा कांचनाचं पान घ्या. ते मोठं असतं, लहान हातांना सोपं. पान ताजंच हवं, वाळलेलं खडू दाबताच चुरगळतं. शिरा उठून दिसतात ती मागची बाजू वर ठेवा आणि देठ कापा, नाहीतर कागद तिथेच फाटतो. वर पातळ कागद, चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के. ठसा बिघडतो तो बहुतेकदा कागद सरकल्यामुळे. मेणखडूचं वेष्टन काढून तो आडवा धरायला द्या. टोकाने घासलं तर नुसत्या रेघा उमटतात. मग पान मधल्या शिरेवर दुमडून दोन्ही बाजू कशा जुळतात ते दाखवा. दहा मिनिटांत कंटाळली तर थांबा. झेंडूच्या पाकळ्यांचा खेळ उद्या.