पासवर्ड विचारू नये, पण असावा

प्रश्न : आमच्याकडं जुना डेस्कटॉप आहे, विंडोज सेव्हनचा. पोरानं कॉलेजात असताना घेतला होता, आता तो पुण्याला असतो. पासवर्ड त्यानंच घातलेला : पहिलं अक्षर मोठं, मग आकडे, शेवटी ते अॅट-चिन्ह. आमच्या यांना मोतीबिंदूमुळं नीट दिसत नाही. सकाळी उठून परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आणि कापसाचे भाव बघतात. लाइट गेली की संगणक बंद, आली की परत पासवर्ड मागायलंय. आकडे बरोबर टाकले तरी कधीकधी चुकीचा म्हणतंय. धाकटी लेक घरीच शिकवण्या घेते, तिच्या लॅपटॉपवरून याच संगणकाच्या प्रिंटरवर कागद काढते. पासवर्ड मी कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलाय. गल्लीतला दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावं लागंल. खरंच का?
– एक निवृत्त शिक्षिका, सेलू

उत्तर : बाई, फॉरमॅट मारू देऊ नका. पासवर्ड विसरला असता तरी तो शेवटचा उपाय. इथं तर तो मॉनिटरला चिकटलेला आहे! फॉरमॅट मारला की मुलाचे कॉलेजातले फोटो, तुमचे पेन्शनचे कागद, सगळं जाणार आणि वर पैसेही द्यावे लागणार. नांदेडला वजिराबादेत दुकान चालवताना मी हे ‘फॉरमॅट’ इतक्यांदा ऐकलंय की आता नुसता शब्द कानावर आला तरी डोकं तापतं. तुमचं काम पाच मिनिटांचं आहे.

आधी आकड्यांचं. कीबोर्डच्या उजव्या हाताला आकड्यांचा जो वेगळा चौकोन असतो, तो नम लॉकचा दिवा लागला असेल तरच आकडे उठवतो. दिवा बंद असेल तर त्याच कळा बाणांचं काम करतात. विंडोज सेव्हन सुरू होताना हा दिवा बऱ्याचदा बंदच असतो. पासवर्डाच्या जागी नुसते काळे ठिपके दिसतात, त्यामुळं आकडा उठला नाही हे कळत नाही. गुरुजींना, म्हणजे तुमच्या यजमानांना, वरच्या ओळीतले आकडे वापरायला सांगा. कॅप्स लॉकचा दिवा बंद आहे ना, तेही बघत जा. हे आधी सांगायचं कारण, पासवर्ड विचारणं बंद करण्यासाठी तोच एकदा नीट टाइप करावा लागणार आहे.

आता मूळ काम. मुलाच्याच खात्यातून आत जा. कीबोर्डवर खाली डावीकडं खिडकीचं चित्र असलेली कळ आहे, ती दाबून ठेवून ‘आर’ दाबा. छोटी चौकट उघडेल. तिच्यात एन-ई-टी-पी-एल-डब्ल्यू-आय-झेड ही आठ अक्षरं मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर दाबा. खात्यांची यादी येईल. रोजच्या खात्याच्या नावावर क्लिक करा. यादीच्या वर ‘यूजर्स मस्ट एंटर अ यूजर नेम अँड पासवर्ड’ अशा अर्थाची ओळ आहे, तिच्यापुढची बरोबरची खूण काढा आणि ओके म्हणा. मग तो पासवर्ड दोनदा लिहायला सांगेल. इथं सावकाश लिहा, कारण ही चौकट पासवर्ड खरा आहे का ते बघत नाही. दोन्ही खाने एकमेकांशी जुळले की मुकाट मान्य करते. चुकला असेल तर ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं आणि गुरुजी तुम्हालाच बोल लावतील. संगणक बंद करून चालू करा, सरळ डेस्कटॉप आला की झालं. पुढं कधी मुलानं पासवर्ड बदलला, तर हेच सगळं पुन्हा करावं लागेल.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, पासवर्डच काढून टाका. कंट्रोल पॅनलमधल्या यूजर अकाउंट्समधून तो काढताही येतो. पण तुमच्या घरी ते करू नका, आणि कारण तुमच्या पत्रातच आहे : लेकीचा प्रिंटर. पासवर्ड नसलेल्या खात्याला विंडोज फक्त त्या यंत्रापुढं बसलेल्या माणसासाठी दार उघडतं. दुसऱ्या संगणकावरून तेच खातं वापरून आत यायचं म्हटलं, तर मुळातच परवानगी नसते. लेकीचा लॅपटॉप या खात्याच्या नावानं प्रिंटरला जोडलेला असेल, तर ऐन परीक्षेच्या दिवसात छपाई बंद पडेल आणि प्रिंटर बिघडला म्हणून पुन्हा त्याच दुरुस्तीवाल्याला बोलावलं जाईल. मी सांगितलेल्या रीतीनं पासवर्ड जागेवर राहतो, फक्त तोंडावर विचारला जात नाही.

एक जागा राहतेच. गुरुजी चहाला उठले आणि परत आल्यावर पडद्यावर पुन्हा पासवर्ड, असं होऊ शकतं. ती दुसरी भानगड. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी उजवं क्लिक, पर्सनलाइझ, मग स्क्रीन सेव्हर. तिथं ‘ऑन रिझ्यूम’ने सुरू होणाऱ्या ओळीची खूण काढा. संगणक झोपून उठल्यावर विचारत असेल, तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये डावीकडं ‘रिक्वायर अ पासवर्ड ऑन वेकअप’ आहे, तो नको म्हणून सांगा. तिथले पर्याय फिके दिसले तर वरची निळी ओळ आधी दाबायची.

आता धोक्याचं. यापुढं जो त्या खुर्चीवर बसेल तो सरळ आत. घरातलीच माणसं असतील तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. तसंही चोरानं हार्डडिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावली, तर हा पासवर्ड त्याला अडवत नाही. पण तुमच्याकडं शिकवणीची मुलं येतात, म्हणून ब्राउझरमध्ये बँकेचा, पेन्शनचा, ईमेलचा पासवर्ड साठवलेला असेल तर तो पुसा. खरं तर बँकेचं काम या संगणकावर नकोच. विंडोज सेव्हनला कंपनीनं १४ जानेवारी २०२० नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवलं, आणि त्यावर चालणारं क्रोम हे ब्राउझर १०९ व्या आवृत्तीवरच थांबलंय. हवामान आणि कापसाचे भाव बघायला तो चालेल. पैशांचे व्यवहार मोबाइलवर करा.

आणि तो मॉनिटरवरचा कागद काढून कपाटात, दागिन्यांच्या डब्यात ठेवा. फाडू नका, लागेल.

प्रश्न : माझ्या लॅपटॉपवर विंडोज टेन आहे. तुम्ही सांगता ती खुणेची चौकट त्यात दिसतच नाही.
– एक विद्यार्थी, अंबाजोगाई

उत्तर : सेटिंग्ज, अकाउंट्स, साइन-इन ऑप्शन्स इथं जा. विंडोज हॅलोच (म्हणजे पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून आत जाणं) सक्तीचं करणारं बटण चालू असेल, ते बंद केलं की चौकट परत दिसते. पण तू हे करू नकोस. डेस्कटॉप घरात असतो. तुझा लॅपटॉप एसटीत, मेसमध्ये, मित्रांच्या खोलीवर फिरतो. आकड्यांचा पिन ठेव. शेवटचा आकडा पडला की एंटरसुद्धा दाबावं लागत नाही.