टूर दी फ्रान्स राहू द्या, आधी गुडघा दाखवा

प्रश्न : मुलगा दहावीत आहे. रोज पहाटे त्याच्याकडून सायकलवर कन्नड घाट चढवून घेतो, मी वेळ लावून मोटरसायकलवर मागे असतो. टूर दी फ्रान्स, म्हणजे फ्रान्समधली ती मोठी सायकल शर्यत, हे आमचं ध्येय आहे. हल्ली गुडघा दुखतो म्हणून नाटकं करतो. शेतावर कर्ज काढून कार्बनची सायकल घ्यावी आणि शाळा सोडवून पूर्णवेळ सराव करवावा का? – एक पालक, चाळीसगाव

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रातला ‘नाटकं’ हा शब्द मला खटकला. वाढीच्या वयातलं पोर रोज घाट चढतंय आणि गुडघा दुखतो म्हणतंय, तर ते खरंच दुखत असणार. सीट खाली असली तरी वाटीच्या मागे कळ येते. हाडांच्या डॉक्टरांना दाखवा; ते हो म्हणेपर्यंत घाट बंद. आणि त्या पोराला काय हवंय, हे पत्रात कुठेच नाही. ध्येय ‘आमचं’, गुडघा मात्र त्याचा एकट्याचा!

महागड्या सायकलीने शर्यत जिंकता येते, हा तुमचा गैरसमज. जागतिक सायकलिंग संघटनेच्या नियमाने शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालतच नाही, त्यामुळे वरच्या संघांच्या सायकलींत फारसा फरक उरत नाही. शिवाय टूरला फॉर्म भरून जाता येत नाही. २१ टप्पे, साधारण ३,४०० किलोमीटर, आणि उतरतात ते व्यावसायिक संघ, प्रत्येकी आठ जणांचे. त्यातले बहुतेक जण स्वतः जिंकायला नसतातच. कुणी म्होरक्याच्या पुढे राहून वारा अंगावर घेतो, कुणी मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या जर्सीत कोंबून आणतो. म्हणजे आधी दुसऱ्यासाठी राबायला शिकायचं, तेही संघात, चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली. बाप कितीही हौशी असला तरी मोटरसायकलवरून हे शिकवता येत नाही.

शाळा सोडवायचा प्रश्नच नाही. दहावीनंतर अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक सगळं खुलं आहे. पात्र खेळाडूंना राज्य सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षणही आहे, पण पदाला लागणारं शिक्षण हवंच. मुलाला मनापासून सायकल शर्यतीत उतरायचं असेल, तर बरं वाटल्यावर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन शालेय स्पर्धांची आणि निवड चाचण्यांची चौकशी करा. चौकशी त्यालाच करू द्या, तुम्ही बाहेर चहा घ्या.

कर्जाचे कागद बँकेत दिले असतील, तर उद्याच परत आणा.