ट्रेलरच्या रिव्हर्स लाइटची वायरिंग
भाऊ, ट्रेलरच्या दिव्यांचा लोड जीपच्या रिव्हर्स वायरवर थेट टाकू नकोस. २१ वॅटचे दोन बल्ब म्हणजे साडेतीन अँपिअर, आणि गिअरबॉक्सवरचा स्विच आधीच गाडीचे दिवे सांभाळतोय. चार पिनचा रिले घे, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा लोड चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या ८६ नंबरच्या पिनला रिव्हर्सची वायर, ८५ ला अर्थिंग, ३० ला बॅटरीचा सप्लाय, ८७ वरून ट्रेलरकडे. १० अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच बसव.

अर्थिंग ट्रेलर जोडायच्या हुकच्या भरवशावर अजिबात सोडू नकोस. ग्रीस आणि गंजामुळे ते धड मिळतच नाही. वेगळी काळी वायर ओढ, चेसीचा रंग खरवडून बोल्ट आवळ. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मंद पेटायला लागले, तर आधी तिथेच बघ. सात पिनच्या सॉकेटमध्ये रिव्हर्सची पिन असेलच असं नाही, टेस्ट लॅम्पने खात्री कर.