पेन्शनरांचा हुंप्पा

गेल्या महिन्यात ॲकॉर्डियनच्या भात्याबद्दल एकाने विचारलं होतं. उत्तर देता देता मी लिहून गेलो की फिनलंडमध्ये ‘पेन्शनर’ नावाचा एक बँड आहे आणि तो जगभरातली रॉकची गाणी ‘हुंप्पा’ या फिनिश नाचाच्या सुसाट ठेक्यात ॲकॉर्डियनवर पळवतो. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली की भात्याचं भोक तसंच राहिलं. ते पुढच्या महिन्यात बुजवू. आज फक्त पेन्शनर.

‘मी जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. पेन्शनर असं नाव लावायचं आणि दारूची गाणी म्हणत धिंगाणा घालायचा, ही आमच्यासारख्यांची टिंगल नाही का? त्यांना खरंच पेन्शन आहे का?’ – एक पेन्शनर, सातारा

रावसाहेब, मीही गेली सात वर्षं पेन्शनरच, तेव्हा राग समजू शकतो. पण टिंगल तुमची-माझी नाही, रॉकवाल्यांची आहे. ती कशी, ते सांगतो.

बँडचं नाव ‘एलॅकेलॅइसेत’. फिनिश भाषेत जोर कायम पहिल्या अक्षरावर, म्हणजे इथे ‘ए’वर, आणि मग बाकीचं घसरत जायचं. ‘एलॅके’ म्हणजे पेन्शन, आणि हा शब्द त्यांच्याकडे ‘जगणं’ या क्रियापदापासून आला आहे. आपण निवृत्तिवेतन म्हणतो तेव्हा नजर सोडलेल्या खुर्चीकडे असते. त्यांच्या शब्दात अजून जगायचंय ते बघितलेलं आहे. मला हे फार आवडलं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, आधी हयातीचा दाखला देऊन या.

बँड निघाला 1993 साली, योएन्सू गावात. पूर्व फिनलंड, रशियाची सरहद्द तिथून फार लांब नाही. तिथे ‘कुमिकामेली’, म्हणजे रबरी उंट, नावाचा एक रॉक बँड होता. त्यातल्याच पोरांनी गंमत म्हणून हा जोडधंदा काढला, आणि जोडधंद्याने उंट खाल्ला. आज तीस वर्षांनंतर युरोपात लोक तिकीट काढून येतात ते पेन्शनरांना बघायला.

आता टिंगल कुणाची ते बघा. रॉक म्हणजे तारुण्य, घाम, लांब केस, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावणं. तीच गाणी घेऊन ही तरणीताठी मंडळी खाली बसली. टेबलाशी कीबोर्ड मांडून, ग्रामपंचायतीची मीटिंग असावी तशी. चेहरा सरळ आणि ठेका सुसाट. शब्दही मूळ गाण्याचे नाहीत. प्रेम, क्रांती, सैतान काय असेल ते काढून टाकायचं आणि त्याजागी फिनिशमध्ये हुंप्पा, दारू आणि पुन्हा हुंप्पा.

पेन्शनचं म्हणाल तर नाव घेतलं तेव्हा नव्हतीच. आता मात्र वयं त्या दिशेने निघाली आहेत.

‘मी ड्रम शिकते. हुंप्पा म्हणजे पोल्काच ना? सर म्हणाले सगळं एकच.’ – एक विद्यार्थिनी, नाशिक

सरांशी भांडू नकोस, पण एकच नाही. पोल्का हा जुना युरोपीय नाच; हुंप्पाचा तो सख्खा नाही, चुलत आहे. हुंप्पाचं जवळचं नातं फॉक्सट्रॉट या जोडीनाचाच्या जलद प्रकाराशी आहे. ठेका दोनाचा, वेग साधारण मिनिटाला 220 ते 260 मात्रा. म्हणजे सेकंदाला चारच्या आसपास. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, 240 वर ठेव आणि एका मात्रेला ‘धुम’, दुसरीला ‘चॅक’ असं तोंडाने म्हणून बघ. अर्ध्या मिनिटात जीभ अडखळली नाही तर तू शिकलीस.

हे ॲकॉर्डियनवर कसं बसतं ते सांगतो, कारण तिथेच सगळी मजा आहे. पूर्ण आकाराच्या ॲकॉर्डियनला डाव्या बाजूला 120 बटणं असतात आणि वाजवणाऱ्याला ती दिसत नाहीत. हात पट्ट्यात अडकलेला, बटणं पलीकडे तोंड करून. मग सापडतं कसं? मधल्या सी स्वराच्या बटणाला एक बारीक खळी असते. बोट तिथे टेकलं की घर सापडलं. त्याच्याच वरचं बटण पंचमाचं, कारण सगळी रांगच पंचम-पंचम करत चढत जाते. आणि खर्जाच्या शेजारच्या ओळींत एका बटणात तयार कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ. म्हणजे डाव्या हाताने करायचं काय, तर सा–कॉर्ड, प–कॉर्ड, सा–कॉर्ड, प–कॉर्ड. दोन-तीन बोटांचा खेळ. सोपं वाटतं. सेकंदाला चारच्या वेगाने तीन मिनिटं कर, मग दंडाला विचार. वर भाता एकसारखा चालला पाहिजे, नाहीतर ‘चॅक’चं ‘च्या’ होतं. मी ऑर्केस्ट्रात एकवीस वर्षं ॲकॉर्डियन वाजवलं, पण हा ठेका सलग तीन मिनिटं मला आजही निभत नाही.

तुझ्यासाठी ड्रमचं. रॉकमध्ये स्नेअर, म्हणजे कडक आवाजाचा छोटा ड्रम, चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जड पडतो, सगळं गाणं त्यावर रेललेलं असतं. हुंप्पात ती रेलायची जागाच काढून घेतली जाते. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर एकाआड एक, हलके, पुढे ढकलणारे. म्हणून चांगलं गंभीर, डोळे मिटून म्हणायचं गाणंही हुंप्पात गेलं की चड्डी सावरत पळाल्यासारखं वाटतं. शब्द न कळताच हसू येतं.

आणि या नावाची गंमत ऐक. हुंप्पा हा काही आजोबा-पणजोबांचा शब्द नाही. 1950च्या दशकात फिनिश रेडिओवर आन्तेरो आल्पोला नावाचे गृहस्थ ‘कान्क्कुलान काइवोल्ला’ हा विनोदी कार्यक्रम करायचे. त्यांनी म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्ट या बिअरच्या जत्रेत लोकांना बँडच्या भोंग्याच्या ‘उम्पा-उम्पा’ला ‘हुंप्पा’ असं काहीसं म्हणताना ऐकलं आणि शब्द उचलून घरी आणला. कार्यक्रमात ‘हुम्प्पा-वेइकोत’ नावाचा वाद्यवृंद जुन्या, वीस-तीसच्या दशकातल्या नाचगाण्यांची थट्टा करत ती वाजवायचा. लोकांना थट्टा आवडली, पण त्याहून जास्त ते संगीत आवडलं आणि लोक त्यावर मनापासून नाचायला लागले. फिनलंडमध्ये तळ्याकाठी लाकडी नाचघरं असतात. उन्हाळ्यात तिथे टँगो, वाल्ट्झ यांच्या पंक्तीत हुंप्पाही जाऊन बसला. म्हणजे विनोद म्हणून जन्मला, चाळीस वर्षांत वडीलधारा झाला, आणि मग योएन्सूच्या पोरांनी त्याला पुन्हा विनोदात ओढला.

‘आमचा कॉलेजचा ग्रुप आहे. मराठी-हिंदी हिट गाणी घ्यायची, शब्द बदलायचे, हुंप्पा करायचा आणि यूट्यूबवर टाकायचं, असं ठरतंय. विडंबनाला परवानगी लागत नाही ना, काका?’ – कीबोर्डवाला, इचलकरंजी

लागते रे बाबा. तुला कुणी सांगितलं लागत नाही?

मी वकील नाही, पण या भानगडीत एकदा पोळलेला आहे, म्हणून कायदा थोडा वाचलाय. आपल्या 1957च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. त्यातल्या कलम 31सी प्रमाणे कव्हर, म्हणजे आधीच्या गाण्याचं नवं ध्वनिमुद्रण, काढता येतं, पण मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपून पुढची पाच कॅलेंडर वर्षं उलटल्याशिवाय नाही. आगाऊ नोटीस द्यायची, रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही दर वर्षी किमान 50,000 प्रतींची. आणि तुमच्या बेताच्या मुळावर येणारी अट म्हणजे मूळ शब्दांत किंवा चालीत फेरफार करता येत नाही. तांत्रिकदृष्ट्या जरूर असेल तेवढाच, किंवा मालकाची संमती असेल तर. चालीला हुंप्पाच्या घोड्यावर बसवून वर शब्द बदलणं हे ‘तांत्रिक जरूर’मध्ये बसवायला तुला फार मोठा वकील लागेल.

युरोपात विडंबनाची बाजू थोडी बरी आहे. युरोपीय संघाच्या 2001च्या कॉपीराइट निर्देशात देशांना विडंबनासाठी अपवाद ठेवायची मुभा आहे, आणि 2014 साली युरोपीय न्यायालयाने विडंबनाची लक्षणं सांगितली: मूळ कृतीची आठवण झाली पाहिजे, तरी वेगळेपण जाणवलं पाहिजे, आणि त्यात विनोद किंवा थट्टा असली पाहिजे. वाचताना मला वाटलं, हे तर आपल्या शाळेतल्या मराठीच्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. पण तिथेही अपवाद म्हणजे मोकळं रान नव्हे. गाण्याचे हक्क ज्याचे, त्याला विचारण्याची पाळी येतेच. स्टेजवरच्या वादनाच्या रॉयल्टीची वसुली वेगळी. फिनलंडमध्ये तेओस्तो ही संस्था 1928 पासून ते काम करते, आपल्याकडे आयपीआरएस 1969 पासून.

तेव्हा रीतसर विचारा. नाही म्हणाले तर स्वतःची चाल करा. आणि कायद्यापेक्षा मोठी एक गोष्ट: आधी मूळ गाणं मुळाबरहुकूम वाजवता आलं पाहिजे. या पेन्शनरांच्या ध्वनिमुद्रणात नीट कान द्या. मूळ गाण्यातली गिटारची कठीण जागा आली की ती कीबोर्डवर अगदी स्वच्छ येते, कुठेही गाळलेली नाही. चूक करून हसवणं फार सोपं, आमच्या ऑर्केस्ट्रात दर गणपतीत व्हायचं, फुकटात.

‘एवढे गाजलेत तर युरोव्हिजनला का नाही गेले?’ – पुणे

युरोव्हिजन म्हणजे युरोपातल्या देशांची गाण्यांची स्पर्धा. प्रयत्न केला. 2010 साली फिनलंडच्या निवड फेरीत ‘हुल्लुना हुम्पास्ता’ (हुंप्पापायी वेडा) हे गाणं घेऊन उतरले. तिथे नवं गाणं लागतं, तेव्हा कुणाची चाल उचलायची सोय नव्हती. जिंकली ‘कूनकुइस्काजात’ ही दोघींची जोडी, आणि त्या दोघींतली एक ॲकॉर्डियनच वाजवत होती. ॲकॉर्डियनचा पराभव ॲकॉर्डियननेच व्हावा, यात दुःख तरी किती करायचं. त्या मुख्य स्पर्धेसाठी ओस्लोला गेल्या, पण उपान्त्य फेरीतून पुढे सरकल्या नाहीत.

‘मी म्युनिकला नोकरी करतो. सहकारी मला यांच्या कार्यक्रमाला घेऊन गेले. हॉलमध्ये फिनिश येणारं कुणी दिसलं नाही, तरी सगळे ओरडत होते. मला एकट्यालाच कळत नव्हतं असं वाटून फार अवघडलो. जर्मनांना यात काय सापडतं?’ – एक मराठी इंजिनियर

तुला जे वाटलं तेच मला हॅम्बुर्गला वाटलं होतं. मुलीकडे गेलो होतो, जावयाने तिकीट काढलं. सासऱ्याला ॲकॉर्डियन आवडतं म्हणून बिचाऱ्याने शोधून काढलेलं. आत गेलो तर आजूबाजूला कातडी जाकिटं, दंडभर गोंदलेले, माझ्यापेक्षा वीतभर उंच. मी स्वेटर, मफलर आणि कानटोपी. बिअरच्या प्लास्टिकच्या ग्लासावर अनामत घेतात तिकडे, रिकामा परत दिला की पैसे परत. जावई म्हणाला, बाबा ग्लास सांभाळा. म्हणून मी दोन्ही हातांनी ग्लास धरून उभा.

आणि सुरू झालं. पहिल्या गाण्याला मी फक्त डावा हात बघत होतो. दुसऱ्याला चाल ओळखीची वाटली. कुठे ऐकलंय, कुठे ऐकलंय? मध्येच ट्यूब पेटली: अरे, हे तर आमच्या मुलीच्या खोलीतून दहावीच्या वर्षी भिंत हलवत यायचं ते! त्या क्षणी मी मोठ्याने हसलो आणि शेजारचा गोंदलेला राक्षस माझ्याकडे बघून हसला. त्यालाही तेव्हाच पेटली असावी. बघ, फिनिश कुणालाच लागत नव्हतं. कोडं चालीत होतं आणि चाल सगळ्यांना पाठ होती. शब्द कळत नाहीत हे तर उलट सोयीचं. आणि जो एक शब्द हवा तो सगळ्यांना येतो. दोन गाण्यांच्या मध्ये अख्खा हॉल ‘हुंप्पा! हुंप्पा!’ म्हणून पाय आपटतो. त्याला व्याकरण लागत नाही.

जर्मनांचंच का, तर मला वाटतं तो ‘उम्पा’ त्यांच्याच घरचा आहे. गावच्या जत्रेत आजोबा ज्यावर नाचले आणि नातवाला ज्याची लाज वाटली, तोच ठेका नातवाच्या आवडत्या गाण्याखाली सरकवला की त्याला एकदम दोन्ही परत मिळतात. तुझ्या गावाच्या ऑक्टोबरफेस्टमधून एका फिनिश माणसाने शब्द नेला आणि चाळीस-पन्नास वर्षांनी फिनिश पोरांनी तो तिकीट लावून परत विकला. व्यापारी म्हणावं तर असे.

त्यांच्या अल्बमांची नावंही याच वळणाची. 1996चा ‘इन हुंप्पा वी ट्रस्ट’, अमेरिकन डॉलरवरच्या ‘इन गॉड वी ट्रस्ट’ या ओळीवर. पुढच्या वर्षीचा ‘हुम्पान कुनिन्कान होविस्सा’, म्हणजे हुंप्पाराजाच्या दरबारात. किंग क्रिमझन या इंग्रजी रॉक बँडचा 1969चा ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमझन किंग’ हा अल्बम ठाऊक असलेल्यांनी तिथे कान पकडायचा.

पुढच्या वेळी जाशील तेव्हा शब्दांच्या मागे लागू नकोस. खर्ज ऐक. आणि ग्लास सांभाळ, माझा त्या शेवटच्या गाण्यात हातातून गेला तो गेला. अनामत बुडाली.

‘काका, तुम्ही अजून वाजवता का?’ – सांगली

रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं. माझ्या ॲकॉर्डियनच्या त्या सी बटणाची खळी आता इतकी झिजली आहे की बोट कधीकधी शेजारच्या बटणावर उतरतं आणि अख्खं गाणं एक पंचम वर सुरू होतं. मी तसंच पुढे नेतो. बायको आतून म्हणते, आज चाल जरा चढी वाटते.